रिकाम्या खाचेची पूजा

नंदन टिपणीस सापडला तेव्हा त्याच्या अंगात नारिंगी जॅकेट होतं, गळ्यात कॅमेरा होता आणि मांडीला स्वतःच्याच मफलरची गाठ मारलेली होती. अंगातलं रक्त मात्र सगळं पाचोळ्यात गेलं होतं.

व्हिटबीच्या उत्तरेच्या त्या सरकारी जंगलात नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला फक्त शॉटगन चालते. रायफलला बंदी, कारण तिची गोळी फार लांब जाते. नंदनच्या मांडीतून निघालेली गोळी पॉइंट तीनशे आठ कॅलिबरची होती. म्हणजे रायफलचीच.

पोलिसांनी शिकारीचे नियम सांभाळणाऱ्या ऊर्मी गजभियेला मदतीला घेतलं. चौथ्या दिवशी ती मार्कहॅमला परीक्षित जगदाळेच्या बेसमेंटमध्ये उभी होती. नंदनला जंगलात नेणारा आणि पोलिसांना फोन करणारा मित्र हाच. नंदनची बायको उल्का तेव्हापासून याच घरात होती. तिला बळेबळे दोन घास खायला लावायचा, तोही परीक्षितच.

"तुम्ही नंदनपासून किती लांब होता?"

"तीनशे यार्ड. शॉटगनची रेंज शंभरच्या आसपास. सेफ राहावा म्हणून मीच त्याला तिथे बसवलं."

"गोळीचा आवाज?"

"आला ना, आठला. वाटलं, दुसरा कुणी हंटर असेल. नऊला त्याला बोलवायला गेलो, तर..."

"ओरडणं ऐकू आलं?"

"नाही."

उल्का जिन्यात येऊन उभी राहिली होती. "मीच म्हटलं त्याला, जा म्हणून. वीकेंडला सारखा घरात बसायचा हो." ऊर्मीला तिच्याकडे बघवेना.

"बंदुका दाखवा."

"एकच आहे, मॅडम. रजिस्टर्ड."

कपाटात दोन खाचा होत्या आणि एक शॉटगन. दोन्ही खाचांना कुंकवाचं बोट लागलं होतं, दोन्हींत अक्षता होत्या.

"हे काय?"

"खंडेनवमीला शस्त्रं पुजतो आम्ही. इथे गन लॉक करूनच ठेवावी लागते. म्हणून कपाटातच पूजा केली."

ऊर्मी बराच वेळ वाकून बघत राहिली. आपलं चुकावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"परीक्षित, रिकाम्या खाचेची कुणी पूजा करत नाही. इथे दुसरी बंदूक होती, नोंद नसलेली. हरीण शॉटगनच्या टप्प्यात येईना, म्हणून तुम्ही रायफल उचलली. गोळी हरणाला चुकली आणि नंदनला लागली. तो नियमाच्या भरवशावर तिथे बसला होता. मफलर त्यानं स्वतः बांधला, म्हणजे तो बराच वेळ शुद्धीवर होता. आणि आठ ते नऊ तुम्ही रायफल लपवत होता."

परीक्षितनं कपाटाचं दार लावून घेतलं. "ओढ्यात टाकली. लायसन्स गेलं असतं, केस झाली असती. पायालाच लागलीय असं दिसलं मला. वाटलं, पटकन जाऊन येतो."

उल्का जिना उतरून त्याच्यासमोर आली. "हाक मारली होती त्यानं?"

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"परीक्षित, मला खरं सांग."

"मारली. आधी मलाच हाका मारत होता. खूप वेळ." त्याला हुंदका आवरेना. "मग तुला."