बोअरच्या शेजारी कानतपासणी

"मशीन बंद करा," जगदेवी म्हणाली.

बोअरच्या गाडीवर उभा असलेला तरुण हसला. "काय?"

"मशीन... थोडा वेळ... बंद करा."

"काय?"

तिसऱ्यांदा ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बोअर बघायला जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. तरुण खाली उतरला. दगडाच्या भुकटीनं भुवयांपर्यंत पांढरा झालेला. टावेलानं तोंड पुसत, भांडल्यासारख्या आवाजात म्हणाला, "पाणी लागंस्तोवर बंद न्हाय करता येत. गाव टँकरवर जगतंय."

ती फणकाऱ्यानं सोसायटीच्या गोदामात परतली.

शहाऐंशीचा तो उन्हाळा. मुरुमची जगदेवी म्हैसूरला वाणी आणि श्रवणाचं शास्त्र शिकत होती, शेवटच्या वर्षाला. "म्हैसूरला जाऊन बोलायला शिकतीस? ते तर घरीच आलं हुतं की," असं गल्लीतल्या प्रत्येकानं तिला एकदा तरी ऐकवलं होतं. सुट्टीत गावातल्या माणसांचे कान तपासून आणायचे होते. तपासणीचं यंत्र कॉलेजनं दिलं, जागा वडिलांनी. बसवंतअप्पा सहकारी सोसायटीचे सचिव. दुष्काळात खत-बियाणं घेतो कोण, म्हणून गोदाम रिकामं पडलेलं. जाड भिंती, शांतता... आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीनं गोदामाला खेटून बोअर मारायला घेतली.

दुपारी जेवणासाठी मशीन थांबली, तसा तोच तरुण दारात उभा.

"माझे पण कान बघा, डाक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही."

"मग काय म्हणू?"

"सगळे ताई म्हणतात."

"ते सोडून सांगा."

जगदेवीनं त्याच्याकडं रोखून बघितलं. नाव विचारलं. सिद्धलिंग, राहणार माकणी. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. "टूं असा आवाज येईल. ऐकू आला की बोट वर करायचं. समजलं?"

बोट वर.

"मी अजून बटण दाबलं नाही."

"दाबणार हुता की. बटण दाबायच्या आधी तुमी खालचा व्हट चावता."

तिचे कान तापले. तिनं त्याची खुर्ची भिंतीकडं फिरवली. "आता भिंतीकडं बघा."

"भितीत काय दिसणार..."

"काही दिसायचं नाहीच आहे."

तिनं बटण दाबलं. जाड आवाजांना बोट वर गेलं. मग तिनं शिट्टीसारखा बारीक आवाज लावला. बोट मांडीवरच. आवाज वाढवला. बोट मांडीवरच. आणखी वाढवला... जगदेवीला वाटलं, हा पुन्हा चेष्टा करतोय. ती चिडून त्याच्यासमोर गेली. पण तो चेष्टा करत नव्हता. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, जिवाच्या करारानं ऐकत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

तिनं अलगद हेडफोन काढला. "किती वर्षं मशीनवर आहात?"

"मिसरूड फुटायच्या आधीपास्नं."

"त्या आवाजानं कान गेलेत तुमचे. सगळे नाही. पण गेलेलं परत येत नसतं." तिचा स्वर नकळत मऊ झाला. "राहिलेलं मात्र राखता येतं. काम करताना कानात बोळे घाला. व्हॅसलीन लावलेला कापूस. मी देते."

"बोळे घालू? पोरं हसतील. आन् बहिऱ्याला पोरगी कोण देईल?"

"पोरगी बघायला निघालात का?"

"निघालो न्हाय," सिद्धलिंग म्हणाला. "म्होरंच बसलोय तिच्या."

ती इतकी चिडली की कापसाची पुडी त्याच्या हातावर आपटून तिनं त्याला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बघितलं, तो उघड्या कानांनी मशीनवर उभा होता. दिलेल्या कापसानं त्यानं गाडीची काच पुसली होती. तिनं पुन्हा कापूस दिला. तो त्याच्या जखम झालेल्या बोटाला गुंडाळलेला दिसला.

"ते बोट आहे. कान वर असतात," ती म्हणाली.

"कापूस संपला की तुमी पुन्ना देता न्हवं? म्हणून..."

रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही चेष्टा वाटते का तुम्हाला? चाळिशीला तुम्हाला तुमच्या लेकराची हाक ऐकू येणार नाही. मी शिकलेय म्हणून मला ते आत्ताच दिसतंय. आणि तुम्ही... जा इथून."

तो मान खाली घालून गेला. त्या दिवशी तिचं कुठंच मन लागलं नाही. आपण एवढं का बोललो? बाकीच्यांना सांगताना तर आवाजही चढत नाही आपला.

तीन-चार दिवस तो गोदामाकडं फिरकला नाही. मग एका सकाळी बाहेर एकच गलका झाला. जगदेवी धावली. बोअरच्या तोंडातून चिखलाचा फवारा उसळत होता. माणसं, बायका, अप्पासुद्धा त्यात भिजत उभे होते. बघता बघता तिची इस्त्रीची साडी गढूळ पाण्यानं चिंब झाली. तिनं वैतागून वर बघितलं.

सिद्धलिंग मशीनला धरून उभा होता. दोन्ही कानांतून पांढऱ्या कापसाचे बोळे बाहेर डोकावत होते. पोरं खरंच हसत होती त्याला, आणि तो कुणाकडं बघत नव्हता, फक्त तिच्याकडं. साडी झटकायची राहून गेली.

पाणी लागलं म्हणजे गाडी पुढच्या गावाला. बोअरची गाडी ईटला निघाली त्याच दिवशी जगदेवीही म्हैसूरला निघाली. गुलबर्ग्याची एस.टी. स्टँडवर घरघरत होती. शेजारच्या सीटवर गल्लीतल्या धुरपदाबाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं. एवढ्यात खिडकीखाली सिद्धलिंग आला. आवाज एकदम खाली आणून तो कानगोष्ट सांगायला लागला... निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

"तुमी मला लई आवडता. तुमच्या अप्पांकडं विचाराय येऊ का?"

रसवंतीवाल्याचं घुंगरू थांबलं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता वर बघितलं. धुरपदाबाई पूर्ण वळून बसल्या.

"हळू बोला," जगदेवी कशीबशी म्हणाली.

"हळूच बोलतोय की."

तिला धरणी दुभंगावी असं वाटलं. मग तिनं विचार केला, ऐकायचंच आहे तर गावानं नीट ऐकावं. ती खिडकीतून बाहेर वाकली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "या. पण माझी परीक्षा झाल्यावर या. लग्नानंतर मी नोकरी करणार आहे. आणि बोळे काढले तर मी बोलणार नाही."

सिद्धलिंगचा चेहरा उजळला. तो नुसता मान हलवत राहिला.

"ठरलं का, ताई?" कंडक्टर म्हणाला. "मग घेऊ गाडी?"

परीक्षा संपल्यावर सिद्धलिंग आईला घेऊन आला. "मला कशाला इचारतो?" बसवंतअप्पा म्हणाले. "सगळ्या मुरुमला ठावं हाय. मलाबी चा पिताना हाटेलात कळलं." मग आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "चा ठेव गं."

दिवाळीनंतर लग्न झालं. बँड, ताशा, लाऊडस्पीकर, काहीच नाही. जगदेवीनं ठरवूच दिलं नाही.

"लगीन हाय का मयत?" मांडवात शेजारी बसल्या बसल्या सिद्धलिंग कुरकुरला. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

जगदेवीनं कपाळाला हात लावला. "गप बसा," ती म्हणाली. "ह्या कानांना माझं अजून लई ऐकायचंय."