पुढच्या लिफ्टने या

"तुम्ही पुढच्या लिफ्टने या," तो म्हणाला, आणि तेही हसून.

हसला नसता तर कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती. पण चाकाच्या खुर्चीत बाबांना बसवून, रस्त्यापासून ढकलत ढकलत, घामाघूम होऊन लिफ्टमध्ये शिरलेल्या पोरीला कुणी हसून बाहेर काढलं, तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाणारच. हिची आग तर तळपायापर्यंत उतरायचीच नाही कधी, नाकाच्या शेंड्यावर तयार असायची. सगळं हॉस्पिटल तिला ठिणगी म्हणायचं ते काही उगाच नाही.

"का? आम्ही आधी आलोय."

"हो, पण... पाहुण्या येतायत. त्यांची व्यायामाची वेळ आहे."

"आणि आमची काय वनभोजनाची आहे?"

तो गडबडला. पांढरा कोट, कपाळावर ओले केस, खिशातून लोंबणारी मोजायची टेप. व्यायाम करून घेणारा डॉक्टर, नवीन दिसत होता. डोळे बरे होते मेल्याचे, आणि ते आपल्या लक्षात आलं याचाच तिला जास्त संताप आला. तो वाकून बाबांना म्हणाला, "काका, चालेल ना?"

"बरं," बाबा म्हणाले.

झालं. बाबांकडे तेवढा एकच शब्द उरला होता. झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस! 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत खच्चून भरलेल्या गाडीतून वाट काढणारा. त्याला आता चहा देऊ का विचारलं तरी बरं, सुई टोचू का विचारलं तरी बरं आणि लिफ्टमधून उतरा म्हटलं तरी बरंच. ठिणगी बाकी सगळं सोसायची. ते बरं तिला सोसायचं नाही.

पुढची लिफ्ट आली तोवर वरचा हॉल भरला होता. बाबा काचेबाहेर बसून राहिले, आत दुसऱ्यांचे पाय चालताना बघत.

आता हा हॉल काय प्रकार होता ते सांगायला हवं. एके काळी हे साधं हॉस्पिटल होतं. आजारी माणूस यायचा, बरा व्हायचा, घरी जायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की परदेशातल्या लोकांना गुडघे, दात, खुबे इथे स्वस्तात बदलून मिळतात, तर बोलवा त्यांना. विमानतळावर मोठमोठे फलक लागले. उपचार घ्या, मालिश घ्या, समुद्र बघा आणि जा. हा देशाचा उगवता उद्योग आहे म्हणून भाषणं झाली, टाळ्या पडल्या. येऊ देत की लोक, ठिणगीचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. दुखणाऱ्या गुडघ्याला देश नसतो. पण बाहेरून आलेले ते 'पाहुणे' आणि इथले ते 'पेशंट', ही वाटणी कुणी केली? सगळ्यात वरच्या मजल्यावरचा हॉल, भरपूर ऊन येणारा, मधोमध चालायला शिकण्यासाठी दोन लांब समांतर दांड्या असलेला, तो पाहुण्यांना गेला. पेशंट गेले तळघरात, धुलाईखान्याशेजारी. तिथे दांड्या नाहीत. भिंत धरून चाला. वर पाहुणे नसले तर थोडा वेळ या.

आणि गंमत अशी, गंमत कसली, लाजच म्हणायची, की हे सगळं पाहुण्यांच्या भाषेत गोड करून सांगायचं काम ठिणगीचंच होतं. ती तिथे दुभाषी होती.

दुसऱ्या दिवशी ती कामाची साडी नेसून हॉलमध्ये शिरली तर दांड्यांपाशी तोच उभा. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही... इथे काम करता?"

"पुढच्या लिफ्टने आले," ती म्हणाली.

तेव्हापासून तिने मनात त्याचं नावच पुढची लिफ्ट ठेवून टाकलं.

दांड्यांच्या मध्ये एक पाहुणी आजी उभी होती. नवा गुडघा, निळा स्कार्फ आणि चौकस डोळे. दुभाष्याचा एक नियम असतो, की आपण तिथे नसतोच. पाहुणी म्हणाली 'माझा गुडघा दुखतो', तर दुभाष्यानेही 'माझा गुडघा दुखतो' असंच म्हणायचं, 'यांचा दुखतो' नाही. स्वतःचा 'मी' घरी ठेवून यायचा. ठिणगीला ते छान जमायचं. दिवसभरात ती दहा जणांची दुखणी स्वतःची म्हणून सांगायची आणि स्वतःचं एकही सांगायची नाही.

आजींनी मध्येच काहीतरी विचारलं. ठिणगी कोरड्या आवाजात म्हणाली, "तुमचं लग्न झालंय का?"

त्याने आजींऐवजी तिच्याकडेच बघितलं. "नाही. कुणी विचारलंच नाही... आजपर्यंत."

"माझ्याकडे काय बघताय? त्यांच्याकडे बघून बोला."

"प्रश्न तुमच्या तोंडून आला."

"तोंड भाड्याचं आहे."

आजी दोघांकडे आळीपाळीने बघून हसत होत्या. भाषांतर करताना ठिणगीचे कान तापले होते. खिडकीतून एवढं ऊन येतं, त्यानेच असेल.

दुपारी चहाच्या टपरीपाशी त्याने तिला गाठलं. पाऊस भुरभुरत होता आणि पत्र्याखाली जेमतेम दोघांपुरती जागा होती.

"त्या दिवशी लिफ्टमध्ये... ते तुमचे वडील होते, मला माहीत नव्हतं."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचे असते तर चाललं असतं?"

तो कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "नाही चाललं असतं. पण नोकरी नवी आहे, साहेबांनी बजावलंय की पाहुणे आधी. माझं तोंडच उघडलं नाही."

"मग ते उघडायचा व्यायाम करा. असेलच की काहीतरी."

"आणि तुमचं?" त्याने हळूच विचारलं. "'हा हॉल आपलाच समजा' असं तुम्ही रोज त्यांना सांगता ना? दारावरच्या पाटीवर दोन्ही भाषांत लिहिलंय, वाचलं मी."

चहा तसाच टाकून ठिणगी पावसात निघाली. रागाने अर्धा रस्ता चालली आणि मग लक्षात आलं की राग त्याचा नाहीच, तो खरं बोलला याचा आहे.

त्यानंतर तो जेवायच्या सुट्टीत तळघरात जाऊ लागला. धुलाईखान्याच्या वाफेत उभा राहून बाबांच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि त्यांना भिंतीच्या कडेने चालवायचा. "शाब्बास काका, आता डावा." "बरं." ठिणगीने जिन्यातून बघितलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"सुट्टीतली माणुसकी नको," वर येताना तिने त्याला अडवून सांगितलं. "कामाच्या वेळेतली दाखवा."

"दाखवीन," तो म्हणाला. "तुम्ही रागावलात की... बोलायला धीर येतो मला. का कोण जाणे."

"मग तुम्हाला धीर कधी कमी पडायचा नाही," ती म्हणाली आणि हसू दिसू नये म्हणून भराभर पायऱ्या चढून गेली.

पण दांड्यांशिवाय तो तरी चालायला किती शिकवणार? भिंतीला एकच बाजू असते. बाबांचा उजवा हात लुळा, भिंत उजवीकडे आली की ते कोसळायचे. आत्ता पाय बळकट झाले नाहीत तर मग खुर्चीच, हे त्याने तिला स्पष्ट सांगितलं होतं. पाहुणे विभागाच्या साहेबांपुढे तिची जीभ झिजली. साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघू या."

आणि मग तो दिवस आला. साहेब परदेशी प्रवास कंपन्यांच्या लोकांना हॉल दाखवायला घेऊन आले होते. पलीकडच्या खिडकीपाशी उभे राहून ते बागेकडे हात करून काहीतरी सांगत होते. आजी दांड्यांमध्ये चालत होत्या. बाबा नेहमीसारखे काचेबाहेर, आपली वेळ येईल म्हणून.

आजी थांबल्या. काचेकडे बोट करून त्यांनी विचारलं आणि ठिणगीने सांगितलं, "तिथे रोज बसतात ते कोण आहेत?"

त्याने साहेबांकडे बघितलं. मग बाबांकडे. मग जमिनीकडे.

"कोणी नाही," तो पुटपुटला. "त्यांची... वेळ संपलीय."

आता हे तिने म्हणायचं होतं. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बापाकडे बघत... कोणी नाही. नियम तोच होता. आपण तिथे नसतोच.

ठिणगीने तोंड उघडलं आणि पाहुण्यांच्या भाषेत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ते माझे वडील आहेत. त्यांची वेळ संपलेली नाही. ती काढून तुम्हाला दिलीय."

खिडकीपाशी उभे असलेले कंपन्यांचे लोक वळून बघू लागले. आजींनी दांड्या सोडल्या आणि त्या खुर्चीत बसल्या. साहेबांना ती भाषा येत नव्हती, पण पाहुण्यांचे चेहरे त्यांना चांगले वाचता यायचे. ते तरातरा आले.

"काय बोललीस तू त्यांना?"

ठिणगीने मनात हिशोब केला. नोकरी गेली. बाबांना सवलतीत उपचार मिळत होते तेही गेले. आणि तो फक्त 'मी असं म्हणालोच नाही' एवढं म्हणाला की संपलं.

"मी म्हणालो तेच बोलल्या त्या," तो म्हणाला.

साहेब त्याच्याकडे वळले. "काय म्हणालात तुम्ही?"

त्या भाषेतलं त्यालाही एक अक्षर कळत नव्हतं. पण त्याने तिच्याकडे बघितलं, नीट, सावकाश, आणि बोलू लागला. "की बाहेर बसलेत ते यांचे वडील आहेत. चालायला शिकायची त्यांना गरज आहे, आणि आपण त्यांना उठवून जागा पाहुण्यांना दिलीय. दुभाषी स्वतःचं काही बोलत नाहीत, साहेब. नियम आहे."

बोलता बोलता त्याने खिशातली टेप दोन्ही हातांत गुंडाळून टाकली होती. ठिणगीला ते हात धरावेसे वाटले, आणि या वेळी तिला राग आला नाही.

आजींनी मग साहेबांना दोनच वाक्यं ऐकवली, आणि ती सांगायचं काम ठिणगीलाच करावं लागलं. "त्यांना आत आणा. मी एक फेरी घालीन, ते एक घालतील."

"अर्थातच," साहेब हसून म्हणाले. "पाहुण्यांची इच्छा."

बघा म्हणजे. आमच्या तोंडून निघतं तेव्हा ती कटकट असते आणि पाहुण्यांच्या तोंडून निघालं की इच्छा होते. एवढे दिवस जे घसा कोरडा करून मिळालं नाही ते भाड्याच्या तोंडून चुटकीसरशी मिळालं. ठिणगीने ते घेतलं, बाबांना चालवायचं होतं म्हणून घेतलं, पण घास कडूच लागला. खाली बाकीचे तसेच भिंत धरून होते. आणि त्याची दुसऱ्याच दिवशी तळघरात बदली झाली, कायमची.

आजी बऱ्या होऊन मायदेशी गेल्या. जाताना त्यांनी ठिणगीचा गालगुच्चा घेतला आणि तळघराच्या दिशेने डोळे मिचकावले. त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची इच्छाही गेली. "आता पुन्हा पूर्वीसारखं," साहेब म्हणाले.

ठिणगी धुमसत बाबांना खाली घेऊन आली, आणि दारातच थांबली. धुलाईखान्याच्या वाफेत, तळघराच्या मधोमध, दोन लांब दांड्या उभ्या होत्या. वरच्या गच्चीला काच बसवताना काढून टाकलेला कठडा होता तो. त्याने आणि देखभालीच्या लोकांनी तो भंगारातून उचलून, घासून, जमिनीत पक्का केला होता. एका पेशंटची फेरी चालू होती, बाकीचे रांगेत बसले होते.

"परवानगी?" तिने विचारलं.

"नाही घेतली. उखडायला आलेच तर सांगेन, पुढच्या लिफ्टने या."

ती हसली. मग एकदम डोळे भरून आले म्हणून तिने आवाज चढवला. "हे आधी का नाही केलंत?"

"आधी... रागावणारं कुणी नव्हतं."

बाबांची पाळी आली. वॉर्डातल्या मावशींनी त्यांचा पट्टा धरला, "चला काका." "बरं." ठिणगी आणि तो दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, बाबांना समोर माणूस दिसावा म्हणून. निदान कारण तेच होतं.

"तुमचा तो नियम," तो कठड्यावर बोट फिरवत म्हणाला, "अजून चालतो? मी बोलायचं आणि तुम्ही 'मी' म्हणून तेच म्हणायचं?"

"कामावर असताना."

"मग एक वाक्य होतं..." त्याने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता."

पलीकडे कपडे पिळायचं यंत्र घरघरत थांबलं. नको तेव्हा.

"मला तुम्ही आवडता," ठिणगी म्हणाली.

"हे... भाषांतर झालं का?"

"याच भाषेतलं याच भाषेत कसलं डोंबलाचं भाषांतर? हे माझं आहे." तिने त्याच्यावर बोट रोखलं. "मी म्हणतेय. आणि राग गेलेला नाही हं माझा. वरचा हॉल परत मिळेपर्यंत जायचाही नाही."

"जाऊ देऊ नका. मी पण येतो... रागवायला."

तो एक पाऊल जवळ आला. तीही. दोघांना दुसरं काही दिसत नव्हतं, म्हणून बाबा किती जवळ येऊन ठेपलेत तेही दिसलं नाही. मावशींनी पट्टा कधीच सैल सोडला होता. डावा हात दांडीवर घट्ट, उजवा पाय घासत, चेहरा लालबुंद, आणि समोर वाट अडवून उभे असलेले हे दोघं.

बाबांचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग तळघरभर घुमेल असा, गच्च भरलेल्या गाडीतला तो जुना आवाज आला.

"पुढे सरका."

ठिणगीने तोंडावर हात धरला. दोघं सरकले. एकाच बाजूला.