एकेचाळीस हजर

चिंबोतेच्या बंदरावर आमचा मासळी डबाबंद करण्याचा कारखाना आहे. तिथली सुरक्षा माझ्याकडे. काम तसं कंटाळवाणं. गॅसच्या नळ्या तपासायच्या, दारं सुटसुटीत उघडतात का बघायचं, आणि धोक्याची घंटा झाली की सगळ्यांना अंगणात उभं करून डोकी मोजायची. मासे साफ करणाऱ्या बायकांना मोजणं म्हणजे डोक्याला ताप. पांढरी टोपी, पांढरा मास्क, पांढरा एप्रन. दिसतात ते नुसते डोळे.

तीन वर्षांपूर्वी शीतगृहातला अमोनिया सुटला, तेव्हा घाईत मी बर्फ टाकायला आलेल्या माणसालाही मोजलं. आकडा जुळला. मी 'सगळे बाहेर' म्हटलं आणि ओतिलिया पाउकार आत राहिली. ती माझ्याच गल्लीतली. कारखान्यात मला 'नेली' अशी नावानं हाक मारणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांची मी इंजिनिअर बाई. अहवालात मी लिहिलं की ती हजेरीच्या फळ्यावर आपला बिल्ला न लावताच कामावर आली होती. बर्फवाल्याचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तेव्हापासून धोक्याच्या घंटेच्या प्रत्येक सरावात शेवटी तिचं नाव पुकारतात आणि सगळ्याजणी एका सुरात 'हजर' म्हणतात. गेलेल्या माणसाला आमच्याकडे असंच जवळ ठेवतात. मला ते ऐकवत नाही, पण यादी माझ्याच हातात असते.

गेल्या मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला पुन्हा शीतगृहातली अमोनियाची नळी फुटली.

"बाई, सराव ना हा?" टेबलावरची मुकादम सायदा ओरडली. "माझा बोनितो मासा अर्धा चिरलाय!"

"सराव नाही. फडकं ओलं कर आणि चल!"

खांबावरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं पोतं बघून मी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. फळ्यावर बिल्ले एकेचाळीस. डोकी मोजली, एकेचाळीस. पुन्हा मोजली. बर्फाची गाडी त्या दिवशी आलेली नव्हती. ते मी सगळ्यात आधी बघितलं.

अग्निशमन दलाचा अबेल पाठीला हवेची टाकी लावून आला. "सगळे बाहेर ना? आत काही दिसत नाही. कुणी नसेल तर मी माझी माणसं मरायला आत घालणार नाही."

"थांब. नावं घेते."

एकेक नाव घेत गेले. घसे जळले होते, बायका कशाबशा घोगऱ्या आवाजात उत्तर देत होत्या.

"एदेल्मिरा काल्दास?"

"हजर." मागच्या रांगेतून, अगदी मोकळ्या गळ्यानं.

एकेचाळीस नावं, एकेचाळीस हजर. मला हायसं वाटलं. सवयीनं शेवटचंही नाव घेतलं.

"ओतिलिया पाउकार?"

सगळ्यांनाच खोकल्याची उबळ आली होती. सायदा खोकत खोकत खाली वाकली.

"हजर."

एकटाच आवाज. मागच्या रांगेतून. मघाचाच.

मी मागे धावले. त्या रांगेत मी दहाजणी मोजल्या होत्या. आता नऊ होत्या. दहाव्या जागी सिमेंटवर रबरी बुटांचे दोन ओले ठसे होते. उन्हात त्यांच्या कडा गोठत होत्या.

"आत एकजण आहे," मी अबेलला म्हटलं. "एदेल्मिरा. शीतगृहात बघ."

"आत्ता तर आकडा जुळला होता ना!"

"चुकला माझा आकडा. जा!"

अकरा मिनिटांनी तिला उचलून आणलं. श्वास चालू होता.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. एदेल्मिराला कामाला लागून सहाच महिने झाले होते. ती हळूहळू बोलत होती.

"दार सापडेना, बाई. मग कुणीतरी मला खाली बसवलं, तोंडावर ओलं फडकं धरलं. म्हणाली, तू इथंच थांब, तुझी हजेरी मी लावते."

"कोण होती?"

"ओळखीची नव्हती. हात फार गार होते तिचे. मी म्हटलं, अगं बाई, आधी मला बाहेर ने. तर म्हणाली, थांब जरा. नेली या वेळीही बर्फवाल्याला मोजते का, ते बघू दे."