पेढ्याचा फोटो

आमची पहिली भेट पेणच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये झाली, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "हे पोहे साधारण किती असतील?"

रोह्याची गाडी अजून लागायची होती. ओढणीच्या आडून मी पोटात इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि पहिला चमचा उचलणार, तेवढ्यात समोरचा हा उंच, किडकिडीत मुलगा माझ्या बशीत डोकावला. मी म्हटलं, भूक लागली असेल तर दुसरी प्लेट मागवा. तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे मला तेव्हाच दिसलं. उगाच खोटं कशाला बोलू.

"टाईप वन ना?" त्याने हळूच विचारलं.

मला अकराव्या वर्षी हा डायबेटीस झाला. तेव्हापासून आईने ती गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. मुलीची जात, कळलं तर करून कोण घेईल, हा तिचा घोर. धाटावच्या ज्या कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथेही कुणाला पत्ता नव्हता. आणि हा अनोळखी माणूस ओढणीआडची सुई बघून ओळखून मोकळा!

तो डॉक्टर निघाला. आदेश म्हात्रे, पेणचाच. टाईप वनवर त्याचं संशोधन चालू होतं. त्याचं म्हणणं असं, की डोस शिकवताना सगळे चपातीचा हिशेब शिकवतात, आणि आपण खातो तांदळाची भाकरी, घावणे, पोहे. मग साखर चुकणारच. नुसत्या ताटाच्या फोटोवरून डोस ठरवता येतो का, हे त्याला पाहायचं होतं. मी नाव दिलं. नियम एकच होता : काहीही तोंडात घालण्याआधी फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा.

पाठवू लागले. तो आकडा कळवायचा, मी टोचून घ्यायचे आणि जेवायचे. मग आकड्याच्या मागे एखादं वाक्य येऊ लागलं.

"भाकरी दिसली. कालवण लपवलंत."

"कालवणात साखर नसते, डॉक्टर."

"नसते. पण बघायला काय हरकत आहे?"

फोटोत माझा फक्त हात यायचा, म्हणून मी नव्या बांगड्या घेतल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, "हिरव्या छान दिसतात... म्हणजे भाकरीशेजारी." मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले. प्रेमात पडले होते, झालं. पण तो त्यापुढे एक शब्द सरकत नव्हता, आणि मीही नाही.

अशात नागोठण्याचं स्थळ आलं. मुलगा रितेश, नोकरी चांगली, माणसं सरळ. आईने मला आधीच बजावून ठेवलं होतं, टोचायचं ते न्हाणीत जाऊन, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कार्यक्रम छान झाला. रितेशच्या आईला मी इतकी आवडले, की त्यांनी तिथेच पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि पेढा माझ्या तोंडाशी आणला.

माझा हात सवयीने फोनकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं, "एक मिनिट हं," म्हटलं, आणि पेढ्याचा फोटो काढून पाठवून दिला.

फोन लगेच थरथरला. 'मोठा आहे, अर्धाच खा. हात कोणाचा?'

"कोणाला पाठवलास फोटो?" रितेशच्या आईने विचारलं. आई घाईघाईने म्हणाली, मैत्रिणीला, पोरींना सवयच असते हो. मीही तसंच म्हणू शकले असते. पण त्या घरातला प्रत्येक पेढा मला जन्मभर न्हाणीत लपून पचवावा लागला असता. मी सांगितलं. मला टाईप वन आहे, इन्सुलिन घेतल्याशिवाय मी घासही खात नाही.

त्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही. निघताना रितेश तेवढा म्हणाला, "बरं केलंत, सांगितलंत." आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

दिवाळीनंतर आदेशच्या कामाला तरुण संशोधकाचा पुरस्कार मिळाला. देणाऱ्या मंडळींनी समारंभ पेणलाच ठेवला, कारण ताटं इथलीच होती. त्याचा फोन आला. पेढ्याचा फोटो पडद्यावर दाखवू का, अर्थात नावाशिवाय? मी म्हटलं, दाखवा, नावासकट. आई कशीबशी यायला तयार झाली.

फोटो पडद्यावर आला तेव्हा मी उठून मंचावर गेले आणि माईकवर म्हणाले, "हा माझा पेढा. मी मृणाली ठाकूर, रोह्याची." पुढे जे आठवलं ते बोलले. खाली उतरले तर दोन बायका आईला घेरून बसल्या होत्या. दोघींच्याही मुलींना हाच आजार होता, दोघींनीही लपवला होता. आई त्यांना इन्सुलिन मडक्यात कसं गार ठेवायचं ते समजावत होती.

आदेश पेढ्याचा बॉक्स घेऊन माझ्यापाशी आला. "तुमची फाईल मी नफिसा मॅडमकडे दिलीय," तो म्हणाला. "आजपासून त्या तुमच्या डॉक्टर."

"का? मी काय केलं?"

"काही नाही. पण मी डॉक्टर असताना... मला जे विचारायचंय ते विचारता येत नव्हतं." त्याचे कान लाल झाले होते. "मृणाली, माझ्याशी लग्न करशील?"

मी हो म्हटलं. लाजायचं राहूनच गेलं. त्याने पेढा माझ्यापुढे धरला, आणि मी सवयीने फोन काढला. फोटोत या वेळी त्याचा हात होता.

मागून आईचा आवाज आला. "अगो, टोचून घे नि खा आता. फोटो पाठवतेस कोणाला? तो समोरच हाय."