आण्णांच्या भिंगात डोकावताना

“हा निळा नाही,” आण्णांनी रेशमाची लड मागाशेजारी टाकली. “गफूरने पुन्हा शेवाळी पाठवलाय.”

ऊर्वीने लड उचलली. निळी! चक्क मोराच्या गळ्यासारखी निळी. तिने रंगमापक (रंगाची नेमकी छटा सांगणारं उपकरण) लावून पाहिला, तर तोही म्हणाला निळी. पण आण्णा म्हणजे येवल्यातले नावाजलेले पैठणीवाले, ते कुठे यंत्राचं ऐकतायत? यंत्राने कधी मोर विणलाय का, असं विचारून त्यांनी जाहीर केलं, की यापुढे रेशीम सुरतेहून येईल.

ऊर्वीचे हे आजोबा आणि गफूरचाचा शाळेपासूनचे दोस्त. चाचांनी रंगवायचं, आण्णांनी विणायचं, हे तिला सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं वाटायचं. आता ती दोस्ती एका लडीपायी तुटणार होती.

चष्म्याचा नंबर तपासायच्या निमित्ताने ती आण्णांना नेत्रकेंद्रात घेऊन गेली. लडही पिशवीत टाकली. तिथल्या काजवा नावाच्या यंत्रमानवाने आण्णांच्या डोळ्यात बारीक प्रकाश सोडला, आणि खोलीच्या मधोमध फणसाएवढं भिंग तरंगू लागलं. नुसत्या प्रकाशाचं! डोळ्याच्या बाहुलीमागे असतं, तेच आण्णांचं भिंग, पण कितीतरी पटींनी मोठं.

“आत डोकं घालून बघ,” काजवा म्हणाला.

ऊर्वीने घातलं. सगळी खोली कोऱ्या चहात बुडाली. तिने लड डोळ्यांसमोर धरली. शेवाळी! डोकं बाहेर, निळी. डोकं आत, शेवाळी.

काजवाने समजावलं, की भिंग प्रथिनांचं (शरीर ज्यांनी घडतं त्या पदार्थांचं) बनलेलं असतं. ती ताण्यातल्या (मागावरच्या उभ्या) धाग्यांसारखी शिस्तीत असली, की प्रकाश आरपार जातो. त्यांचा गुंता झाला, की भिंग गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. आण्णांचा केंद्रकाचा (भिंगाच्या गाभ्याचा) होता. वयानुसार गाभा पिवळा पडतो आणि निळा प्रकाश अडवतो.

“मग मला कळलं कसं नाही?” आण्णा गुरगुरले.

“हळूहळू होतं ना. मनाला सवय होते. त्यात तंबाखू आणि बिनचष्म्याचं ऊन भर घालतात.”

आण्णांनी खिशातली डबी आणखी आत ढकलली.

काजवाने भिंगं बदलून मोतीबिंदूचे दुसरे प्रकार दाखवले. एकात कडेकडून सायकलच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेघा आत येत होत्या. त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून दिव्यांनी डोळे दिपतात. दुसऱ्यात मागच्या बाजूला डाग होता. तो मधुमेहाने किंवा स्टिरॉइडची औषधं फार दिवस घेतल्याने लवकर वाढतो, आणि उजेडात वाचणं अवघड करतो. मार लागूनही मोतीबिंदू होतो. काही बाळं तर तो घेऊनच जन्मतात. कधी आनुवंशिक, कधी गरोदरपणात आईला झालेल्या संसर्गामुळे.

डोळ्यात घालायच्या थेंबांनी तो विरघळवण्याचे प्रयोग चालू होते. तोवर उपाय एकच, गढूळ भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवायचं.

आण्णांच्या आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आण्णांनी लड मागितली. उजवा डोळा मिटला, मग डावा. पुन्हा उजवा. मग टोपी घातली आणि तडक चाचांचं घर गाठलं. मागून ऊर्वी.

“गफूर, तुझा रंग बरोबर होता. माझा डोळा चुकला.”

“दुसरा कधी करतोस? तोवर लडी एका डोळ्यानेच बघ, म्हणजे निम्मंच भांडशील.” चाचा हसले, पण कपाळावर हाताचा आडोसा धरूनच. सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा.

ऊर्वीने विचारलं, दिवे लागले की डोळे फार दिपतात का?

“तुला कोणी सांगितलं? रात्री समोरून गाडी आली, की रस्ताच दिसत नाही. वय झालं, दुसरं काय.”

ऊर्वीला सायकलच्या आऱ्या आठवल्या. “चाचा, काजवाला दाखवायचं?”

चाचा नको म्हणायच्या बेतात होते. पण आण्णांनी त्यांच्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या.

“चल. तुझ्या भिंगात मला डोकं घालायचंय.”