दोराचं दुसरं टोक

भाऊसो मास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गातली अकरा पोरं डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या देवळात शिबिराला आणली, ती काही डोंगरची हवा खायला नव्हे. बेचाळीसच्या ऑगस्टपासून वर्षभर त्या वर्गात कुणाचं कुणाशी धड नव्हतं. "चार दिवस एका चुलीवर रांधा, एका पंगतीत जेवा, मग बघतो कोण कुनाशी बोलत न्हाई ते," मास्तर म्हणाले होते. आणि खरंच, तिसऱ्या दिवशी करपलेलं पिठलं खाताना सगळे इतके हसले की देवळातल्या पाकोळ्या उडाल्या. वर्षभर एका बाकावर न बसलेली पोरं एका कांबळ्यात झोपली.

राहिले होते दोघेच, गुंडा आणि जाफर.

त्यांचं भांडण नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. गेल्या साली शाळेच्या भिंतीवर सरकारविरोधी पत्रक डकवलं गुंडानं. खळ कालवून दिली जाफरनं, आणि हाताला खळ लागलेला तोच सापडला. "दुसरा कोण?" हेडमास्तरांनी विचारलं. जाफर बोलला नाही. तळहातावर बारा छड्या खाल्ल्या. गुंडा तिसऱ्या बाकावर दौतीकडे बघत बसून राहिला. त्या दिवसापासून त्याला जाफरच्या नजरेला नजर देता येत नव्हती. जाफरनं एकदा शिवी हासडली असती, तर गुंडानं आनंदानं खाल्ली असती. आता उद्या शिबीर संपणार होतं, आणि परीक्षा झाली की जाफर माधवनगरच्या गिरणीत बापाशेजारी उभा राहणार होता. बोलायचं ते इथंच बोलायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी धनगरवाड्यावरून दूध आणायची पाळी मास्तरांनी आदल्या रात्रीच मुद्दाम त्या दोघांवर टाकली होती. भाद्रपदातलं सड्यावरचं धुकं म्हणजे ताकाच्या मडक्यात डोकं घातल्यासारखं. हाक दिली तर पाच पावलांवर विरते. म्हणून मास्तरांचा नियम असा, की जोडीनं जायचं, पुढच्यानं काथ्याच्या दोराचं एक टोक धरायचं, मागच्यानं दुसरं. एक हिसका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब.

गुंडानं दुधाची कासंडी घेतली, पायरी उतरून आपलं टोक मनगटाला गुंडाळलं.

"जाफर, चल रं," तो म्हणाला. मागं वळून बघितलं नाही. त्याला ती सवयच लागली होती.

दोर ताणला गेला. एक हिसका आला. गुंडा निघाला.

ओल्या गवताचा आणि शेवाळाचा वास येत होता. कातळावर गुंडाच्या वहाणा पचपच वाजत होत्या. मागं मात्र काहीच वाजत नव्हतं. अनवाणी असेल, गुंडानं मनाशी म्हटलं. बरंच अंतर गेल्यावर, तोंड दिसत नाही याचाच आधार वाटून तो बोलू लागला.

"जाफर... ते पत्रक मी लावलं हुतं. तुला ठावं हाय. मी उठायला पायजे हुतं रं. लय भ्यालो."

चालता चालता तो पुढं बोलत राहिला.

"वरीस झालं, मला नीट झोप न्हाई. मार मला, पर कायतरी बोल..."

दोराला दोन जोरदार हिसके बसले.

गुंडाला भरून आलं. वर्षानं उत्तर मिळालं ते हे, थांब, बोलू नको. रागानं तो पुढं पाऊल टाकणार, तोच पुन्हा दोन हिसके बसले, इतके जोरात की मनगट सोलवटलं. तो थांबला. वारा आला, धुकं क्षणभर फाटलं, आणि वहाणेच्या टोकापुढं जमीनच नव्हती. खाली खोल कुठंतरी ओढ्याचा आवाज येत होता. धनगरवाड्याची वाट कधीच सुटली होती.

तो तिथंच खाली बसला. दोर सैल पडला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"जाफर... हाईस न्हवं?"

मग हळूच एक हिसका आला, माघारी. गुंडा दोरामागं निघाला. आता दोर खालच्या अंगानं ओढला जात होता, ठेंगण्या माणसाच्या हातात असावा तसा. जाफर तर वर्गात सगळ्यात उंच. वाकून चालत असेल, गुंडानं स्वतःला समजावलं. भिजलेल्या घोंगडीचा वास येत होता. पुढं जाऊन जाफरला गाठावं असं त्याला एकदाही वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते त्याला कळेना.

ताटल्या बडवल्याचा आवाज ऐकू आला. देवळाची पायरी पायाला लागली, तसा दोर जमिनीवर पडला. मास्तर धावत आले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"एकटाच का गेलास? आमी कवाधरनं हाका मारतोय!"

"एकटा कुठं... जाफर हुता की मागं."

 मास्तरांनी आत बोट दाखवलं.

चुलीशेजारी दोन कांबळी पांघरून जाफर पडला होता. पहाटेपासून ताप होता. वर्गातला कृष्णात त्याच्या कपाळावर पट्टी ठेवत होता, दोघं तिघं काढा उकळत होते. जाफर जागचा हललाही नव्हता, सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं.

गुंडा त्याच्यापाशी मटकन बसला आणि सगळ्या वर्गासमोर हुंदके देत बोलून गेला, पत्रक, खळ, छड्या, सगळं. कुणी हसलं नाही. आपण जिवंत आहोत आणि हे बोलून झालं, या दोन्ही गोष्टींनी त्याची छाती एकदम हलकी झाली. जाफरनं डोळे उघडले, हसला, आणि हात पुढं केला. गुंडानं तो धरला. तापलेल्या तळहातावर दोराचा लालभडक वळ होता, आणि काथ्याचे दोन धागे चिकटले होते.

"हे येकदा सांगितलंस न्हवं मगाशी, धुक्यात," जाफर पुटपुटला. "कड्यावर दोन हिसकं दिलं... परत दिलं... मग दोर सुटला गड्या माझ्या हातनं."

त्यानं गुंडाच्या मागं, दाराबाहेरच्या धुक्याकडं बघितलं.

"तुला माघारी कुनी आनलं रं?"