चौथ्या आवृत्तीची टीप

डोंगरकड्याहून परत आलेला पेनड्राइव्ह टेबलावर पडला होता आणि त्याच्याभोवती कोमल, जुनेद आणि उकंडराव बसले होते. आखाडा बाळापूरच्या त्या छोट्या कचेरीत पंखा अवघडल्या श्वासासारखा फिरत होता.

समरीन इनामदारने तो उचलला. हिंगोलीची ही खासगी तपासनीस कोमलच्या विनंतीवरून आली होती. सोबत तिचा संथ सहकारी विश्वंभर.

हळदीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर इथे तयार होई. चौथ्या आवृत्तीत मोजणीचा तक्ता मूळ प्रोग्राममधून काढून वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवला गेला; तो आधी बसवणे आवश्यक होते. डोंगरकड्याच्या हळद केंद्राला पेनड्राइव्हवर गेलेल्या, सॉफ्टवेअर कसे बसवावे ते सांगणाऱ्या टिपेत मात्र जुनीच कृती होती. तक्ता न बसल्याने यंत्राने ओली हळद कोरडी ठरवली, पोत्यांत बुरशी धरली, आणि टीप लिहिणाऱ्या कोमलला मालक उकंडरावांनी कामावरून काढले.

वाटेत समरीनने कोमलच्या जुन्या टिपा वाचल्या होत्या. काय बदलले, का बदलले, जुने यंत्र असेल तर काय करावे. न पाहिलेल्या माणसाचा हात धरून त्याला अंधाऱ्या जिन्यावरून उतरवावे, तसे ते लेखन होते. असे लिहिणारी नेमकी हीच ओळ विसरेल, हे तिला पटेना.

"तुमी तर तिच्या टिपा कवितेवानी वाचून राहिल्या," विश्वंभर वाटेत म्हणाला होता. समरीनने ते नाकारले नव्हते.

कोमलने सांगितले, पाठवणीच्या दिवशी सकाळ नव्या आवृत्तीच्या पूजेत गेली. तक्ता आधी बसवण्याची ओळ घालून सुधारलेली टीप तिने जेवणानंतर जुनेदकडे दिली.

जुनेद पॅकेज बांधणारा. त्याने संगणक उघडला. आतल्या पॅकेजमध्ये सुधारलेलीच टीप होती. तीच घालून संध्याकाळी पेनड्राइव्ह उकंडराव साहेबांच्या हाती दिल्याचे तो सांगत होता.

"क्रमांक कोणता टाकला?" समरीनने विचारले.

"चार, बाजी. सकाळपासून चारच व्हता," मोठ्या बहिणीला म्हणावे तसे बाजी म्हणत जुनेदने सांगितले.

उकंडरावांचे उत्तर तुटक होते. पेनड्राइव्ह डोंगरकड्याला धाडला. आत काय आहे ते बघणे त्यांचे काम नव्हते.

समरीनने पेनड्राइव्ह उजेडात धरला. तो पिवळा पडला होता.

"हळदीच्या केंद्रातून आला तो, बाजी. पिवळा न्हाई तर काय व्हईल?" विश्वंभर म्हणाला.

तिने रुमालाने पिवळेपणा पुसला. टोपणाच्या खाचेत तांदळाचा एक लाल कण अडकला होता.

"पोत्यातला असंल," तो पुढे म्हणाला.

"हळदीच्या पोत्यात तांदूळ काहून येईल, भाऊ?" समरीनने त्याच्याच बोलीत विचारले.

समरीनचा स्वर शांत होता.

"ही कुंकवातली अक्षत आहे. म्हणजे हा पेनड्राइव्ह पूजेत होता. पूजा सकाळी झाली आणि टीप सुधारली दुपारी. जुनेद, पूजेला काय ठेवलं होतंस?"

"कच्चं पॅकेज. रिकामं ठेवू नको म्हणले साहेब." तो थांबला. "त्यात जुनीच टीप व्हती. पूजा झाल्यावर तो साहेबांकडंच राहिला."

"तर पेनड्राइव्ह दोन, आणि दोन्हींवर क्रमांक चार. आतला मजकूर बदलला तेव्हा तू क्रमांक बदलला नाहीस. म्हणून डोंगरकड्यात फरक कळायला वाव नव्हता. इथं मात्र दोन्ही एकाच माणसाच्या हाती आले. दुसरा कुठं आहे, उकंडराव?"

उकंडरावांनी टेबलाचा खण उघडला. दुसरा पेनड्राइव्ह तिथे होता, स्वच्छ.

"पूजलेलंच पहिल्या गिऱ्हाइकाला जातं," ते म्हणाले. "आमची रीत हाय ती. आत फरक असंल, हे काय ठावं?"

समरीनने दोन्ही पेनड्राइव्ह कोमलपुढे ठेवले. "तुझी टीप शेवटच्या ओळीपर्यंत खरी होती. मला ती वाचताना अभिमान वाटला."

उकंडराव घसा साफ करत म्हणाले, "उद्यापासून कामावर ये, पोरी."

कोमल उठली नाही. तिने त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"साहेब, मला काढलं, त्याच्या आधी एकदा तरी हा खण उघडून माझी टीप तुमी बघितली व्हती का?"

उकंडरावांनी चष्मा खिशात घातला, खुर्ची मागे सारली आणि दाराबाहेर पडून रस्त्याने चालत गेले.